टेस्ट पास, तरी अ‍ॅपमध्ये बग? जावास्क्रिप्टमध्ये चांगली युनिट टेस्ट कशी लिहायची

समजा, एका अ‍ॅपवर लिहिलंय, ‘५०० रुपये किंवा त्याहून जास्त ऑर्डरवर डिलिव्हरी मोफत’. तुमचं बिल बरोबर ५०० झालं, तरी डिलिव्हरीचे ४० रुपये लागले. असं का होतं? कोडमध्ये ‘५०० किंवा जास्त’ऐवजी ‘५०० पेक्षा जास्त’ लिहिलं गेलं तर हेच होणार. फरक एका चिन्हाचा, पण भुर्दंड ग्राहकाला. अशी चूक आधीच पकडण्यासाठी युनिट टेस्ट असते.

युनिट टेस्ट म्हणजे काय?

कोडचा एक छोटा तुकडा, बहुतेकदा एखादं फंक्शन, बाकी अ‍ॅपपासून वेगळं काढून तपासणारा दुसरा कोड म्हणजे युनिट टेस्ट. ‘हा आकडा दिला तर हे उत्तर आलं पाहिजे’ असं त्यात लिहिलेलं असतं. कोड बदलला की सगळ्या टेस्ट काही सेकंदांत पुन्हा चालवता येतात. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी जेस्ट, मोका, व्हीटेस्ट अशी साधनं आहेत. २०२३ मध्ये आलेल्या नोडच्या २० व्या आवृत्तीपासून तर नोडचं स्वतःचं टेस्ट साधनही पक्कं झालंय, म्हणजे वेगळं काही इन्स्टॉल न करताही सुरुवात करता येते. साधन कोणतं घ्यायचं यावर लोक तासन्‌तास भांडतात. खरं तर टेस्टमध्ये काय लिहिलंय, ते जास्त महत्त्वाचं.

नावातच अर्धं काम

‘डिलिव्हरी टेस्ट २ फेल’ असा मेसेज आला, तर काय बिघडलं ते कळत नाही. ‘बरोबर ५०० रुपयांच्या ऑर्डरवर डिलिव्हरी शुल्क शून्य’ हे फेल झालं, तर कोड न उघडताही अंदाज येतो. टेस्टचं नाव हा साधा मजकूर असतो, त्यामुळे तो मराठीतही लिहिता येतो. टीम मराठी असेल तर का नको?

आत तीन टप्पे स्पष्ट दिसावेत: आधी तयारी, मग फंक्शन चालवणं, शेवटी उत्तर तपासणं. आणि आकडे निवडताना सीमारेषेवरचे निवडा. इथे ४९९, ५०० आणि ५०१. फक्त २०० आणि ९०० तपासले असते तर वरची चूक कधीच सापडली नसती.

अपेक्षित उत्तर मात्र थेट लिहा. २५० रुपयांवर १८ टक्के कर धरून एकूण रक्कम तपासायची असेल, तर टेस्टमध्ये सरळ २९५ लिहा. तिथे पुन्हा तेच सूत्र वापरलं, तर सूत्रातली चूक दोन्हीकडे जाते आणि टेस्ट आनंदाने पास होते.

जावास्क्रिप्टचे खास खड्डे

या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. त्यामुळे पैशांचे हिशेब पूर्णांकात, म्हणजे पैशांमध्ये ठेवणं सोयीचं. जेस्टमध्ये ‘जवळपास इतकं’ तपासण्याची सोयही आहे.

दुसरा खड्डा जास्त फसवा. सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या फंक्शनचं उत्तर उशिरा येतं. टेस्टमध्ये ‘अवेट’ लिहायचं राहिलं, तर उत्तर येण्याआधीच टेस्ट संपू शकते आणि हिरवी खूण दिसते. तपासलं काहीच नाही! म्हणून नवी टेस्ट लिहिली की एकदा मूळ कोड मुद्दाम बिघडवून बघा. टेस्ट लाल झाली नाही, तर ती शोभेची आहे.

तिसरा तारखेचा. ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ ही पद्धत नेहमी यूटीसी वेळ देते आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता कोणी ऑर्डर केली, तर या पद्धतीने मिळणारी तारीख ३१ मार्च असते. १ एप्रिलपासूनचं कूपन त्या ग्राहकाला मिळणारच नाही. दुपारी ऑफिसात चालवलेली टेस्ट मात्र पास! उपाय असा की फंक्शनला ‘आत्ताची वेळ’ बाहेरून द्यायची आणि टेस्टमध्ये ती पहाटे २ ठेवायची. मग टेस्ट कधीही चालवा, निकाल तोच येतो.

टेस्टचंच ओझं होतं तेव्हा

फंक्शनच्या आत कोणतं छोटं फंक्शन किती वेळा चाललं, हे तपासणाऱ्या टेस्ट लवकर डोकेदुखी होतात. आतली मांडणी जरा बदलली की उत्तर बरोबर असूनही डझनभर टेस्ट फेल. बाहेर दिसणारा निकाल तपासा. नकली वस्तू, म्हणजे मॉक, हे पेमेंट किंवा एसएमएससारख्या खरोखर बाहेरच्या गोष्टींपुरते ठेवा. सगळंच नकली केलं तर तपासायला खरं काय उरलं?

‘१०० टक्के कव्हरेज’ या आकड्यालाही भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच की टेस्टच्या वेळी प्रत्येक ओळ चालली. उत्तर बरोबर आलं का, ते त्यातून कळत नाही.

कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट मात्र तशीच पडू देऊ नका. वेळ, रॅण्डम आकडा किंवा आधीच्या टेस्टने मागे ठेवलेला डेटा, बहुतेकदा यांपैकीच एक कारण निघतं. ते सापडेपर्यंत ती टेस्ट बाजूला काढा, नाहीतर टीमला लाल खूण दुर्लक्षित करायची सवय लागते आणि मग ५०० रुपयांवालीही तशीच सुटते.