उस्मानी दरबारातील सेवकांची जलरंगचित्रे

इतिहास वाचताना आपली दृष्टी बहुधा सिंहासनाकडे जाते. त्याभोवती हात बांधून उभ्या असलेल्या माणसांकडे ती क्वचितच वळते. सतराव्या-अठराव्या शतकांत इस्तंबूलमध्ये युरोपीय गिऱ्हाइकांसाठी तयार झालेल्या चित्रसंग्रहांत मात्र हीच माणसे एकेका पानाची धनी झालेली दिसतात.

स्वीडनचा वकील क्लेस रोलांब १६५७-५८ मध्ये सुलतान चौथ्या मेहमेदाच्या दरबारी गेला होता. तेथून त्याने आणलेला शंभरावर लहान चित्रांचा संग्रह आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शाई, अपारदर्शक जलरंग, कोठे थोडी सोनेरी झाक आणि कडेला स्वीडिश, फ्रेंच, इटालियन, लॅटिन अशा भाषांतील टिपा. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याचा १६१८ चा असाच संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अशी चित्रे बहुधा बाजारात बसणारे चितारी काढीत. वकील, व्यापारी, प्रवासी ती मायदेशी नेत.

गिऱ्हाइकास हवा असे तो हुद्दा, आणि उस्मानी दरबारात हुद्दा पोशाखावरून कळे. म्हणून चिताऱ्याने आपले कसब तेथेच खर्चिले. सुलतानाचे धनुर्धारी रक्षक सोलाक टोपीवरील तुऱ्यावरून ओळखावेत. राजवाड्यात जळण वाहणारे बाल्ताजी टोपीखाली लोंबणाऱ्या बटांवरून. चेहरे मात्र पुष्कळदा एकाच साच्यातले.

या रांगेत एका आकृतीपाशी आम्ही थबकतो. तो किझलर आगा, जनानखान्याचा मुख्य खोजा. उंच पागोटे, फरचे अस्तर असलेला झगा. आफ्रिकेतून बालपणी धरून आणलेला, खच्ची करून विकलेला गुलाम या पदापर्यंत चढे. १७१७ ते १७४६ या काळात हे पद भूषविणाऱ्या बेशीर आगाचे वजन वजिरांच्या नेमणुकांपर्यंत पोहोचत असे. चित्रात ते वैभव दिसते. त्यासाठी एका मुलाच्या देहाने दिलेली किंमत दिसत नाही.

१८२६ मध्ये दुसऱ्या महमूदाने जॅनिसरी फौज मोडली आणि १८२९ मध्ये सरकारी नोकरांच्या डोक्यावर पागोट्याऐवजी फेझ आली. कुतूहलापोटी विकत घेतलेली ही चित्रे आता एका मावळलेल्या दरबाराचा दस्तऐवज ठरली आहेत. वस्त्रांविषयी त्यांची साक्ष आम्ही मोलाची मानतो. परंतु ती वस्त्रे ल्यालेल्या माणसांची नावे कोणी विचारली नाहीत, हेही त्याच पानांवर वाचले पाहिजे.