ताशाची नोट, ढोलाचा वाटा

ताडकळसला लहानपणी वरात निघाली की आम्ही पोरे ताशेवाल्याभोवती गर्दी करायचो. मागच्या ढोलवाल्याकडे कुणाचे लक्ष नसे. बक्षिसाची नोटही ताशेवाल्यालाच मिळे. ही वाटणी बरोबर होती का?

ताशा म्हणजे उथळ भांड्यावर ताणलेले कातडे. दोन बारीक काड्यांनी त्यावर तर्री काढायची तर मनगटाची वर्षानुवर्षांची तयारी लागते. ढोलाला एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. शिकायला तो सोपा वाटतो. पण तेवढे ओझे अंगावर घेऊन, चालता चालता, तासन्‌तास लय न सोडणे हे वेगळेच काम आहे.

१८४५ साली ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. पुढे ताशा तिकडेही रुजला. तिथल्या संचात ‘कटर’ हा ताशा नवनवे बोल काढतो, ‘फुलर’ ठेका धरतो आणि सोबतीला ढोल व झांज असते. म्हणजे समुद्रापलीकडेही कामाची वाटणी तीच राहिली: एकाने खेळायचे, बाकीच्यांनी सांभाळायचे.

खेळणाऱ्याची चूक पुढच्या बोलात झाकली जाते. सांभाळणारा चुकला तर पावलेच अडखळतात. पुण्याच्या पथकांत तर ताशाच्या एका इशाऱ्यावर अनेक ढोल एकदम पडावे लागतात. एक जरी मागे राहिला तरी ऐकू येतो.

ताशा अवघड आहेच. पण त्या वरातीतली निम्मी नोट मागे जायला हवी होती.