युनियन सिटी : दारिद्र्य आणि शैक्षणिक संपादणूक

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील, हडसन नदीच्या पश्चिमेकडील कड्यावर वसलेले छोटे पण अत्यंत दाट वस्तीचे शहर. जेमतेम सव्वातीन चौ. किमी. क्षेत्रात येथे 68,589 लोक (2020) राहतात व त्यांत क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक आदी देशांतून आलेल्या स्पॅनिशभाषक कष्टकरी कुटुंबांचा भरणा आहे.

अमेरिकेत सार्वजनिक, म्हणजे करातून चालणाऱ्या विनाशुल्क शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागत असल्याने, जेथे घरांना किंमत कमी तेथील शाळाही कंगाल राहतात आणि मुलांना घरची व शाळेची अशी दुहेरी गरिबी सोसावी लागते. ही गरिबी मोजण्याची रूढ खूण म्हणजे मोफत वा सवलतीच्या भोजनास पात्र मुलांचे प्रमाण. मात्र दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेली सारी कुटुंबे त्यात एकत्र धरली जात असल्याने हे माप ढोबळच म्हणावे लागेल. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या 1966 च्या अहवालाने संपादणुकीवर, म्हणजे मुलाने प्रत्यक्ष आत्मसात केलेल्या ज्ञानावर व कौशल्यांवर, शाळेच्या साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रभाव अधिक असल्याचे दाखवले, आणि त्यावरून शाळांवर पैसा खर्चणे व्यर्थ असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला.

युनियन सिटीचा अनुभव या अर्थाला छेद देतो. 1989 मध्ये येथील शाळा राज्याच्या 52 पैकी 44 निकषांवर नापास ठरल्या होत्या आणि शेजारच्या जर्सी सिटीप्रमाणे त्याही राज्याच्या ताब्यात जाण्याची वेळ आली होती. तेव्हा येथील शाळांचे एक शिक्षणाधिकारी फ्रेड कॅरिग यांच्या पुढाकाराने अभ्यासक्रम मुळापासून बदलण्यात आला : स्पॅनिशभाषक मुलांना आधी मातृभाषेत वाचायला शिकवून मग इंग्रजीकडे नेणे, मागे पडलेल्यांना वर्गाबाहेर न काढता वर्गातच मदत देणे व वाचन-लेखनाला रोज दीर्घ सलग वेळ देणे, हा त्याचा गाभा होता. ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ खटल्यातील राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या निवाड्याने गरीब शहरांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने निधी देणे बंधनकारक केले, तर 1998 च्या निवाड्याने तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी दर्जेदार बालवाड्या अनिवार्य केल्या. 2011 मध्ये येथील शालान्त उत्तीर्णतेचे प्रमाण 89.5 टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून सुमारे दहा टक्केबिंदूंनी अधिक होते.

हा चमत्कार नव्हे. त्यामागे दोन दशकांचे सातत्य आहे. केवळ निधीने हे साधले असते असेही नाही, कारण त्याच निवाड्यांचा लाभ मिळालेल्या, याच राज्यातील कॅमडेन शहराच्या शाळा 2013 मध्ये राज्याने ताब्यात घेतल्या.