दाराच्या खालची वीतभर वाट

शुक्रवार, 17 डिसेंबर 2021, सकाळचे 7
46 तास आधी

परसदाराच्या खालच्या फळीवर ओला डाग दिसला. वाकून वास घेतला आणि कळलं, रात्री बोका येऊन फवारा मारून गेलाय. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "भुऱ्याच असंल. दुसरं कोण येतंय इकडं?"

भुऱ्या पलीकडच्या घरचा. त्या घराला नोव्हेंबरपासून कुलूप आहे. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. उचल आधीच घेतलेली असते, तिच्यातली निम्मी खर्चूनही गेलेली असते. मग भांडीकुंडी, लेकरं, सरपण, शेळी असं सगळं भरून माणसं साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमच्या वडवणी, धारूर भागातल्या गावांत दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि कुलपं तेवढी उरतात. बैल सोबत जातात, कुत्रं गाडीमागं पळत जातं. मांजर मात्र जात नाही. त्याचा जीव घराशी असतो, त्यामुळे ते कुलपापाशी राहतं.

पलीकडची धाकटी पोरगी, वय आठ वर्षं, ट्रॅक्टरमध्ये चढता चढता मला म्हणाली होती, "काकू, भुऱ्याला भाकर टाकत जा." मी हो म्हणाले. महिनाभर टाकलीही, आमच्याच परसदारात, रोज दिवेलागणीला. त्याच्या दारापर्यंत वीस पावलं चालायचा मी कंटाळा केला, हे आज लिहिलंच पाहिजे. आमचं दार हे भाकरीचं ठिकाण आहे, हे त्याला मीच शिकवलं.

8 डिसेंबरला आमची मनी व्याली. चार पिल्लं झाली. त्याच संध्याकाळपासून मी भुऱ्याची भाकर बंद केली. आता तो इकडे फिरकणार नाही, असा माझा हिशोब होता.

शुक्रवार, दुपारचे 12
41 तास आधी

डाग साबणाच्या पाण्यानं दोनदा घासला. काळं फिनाइल टाकावं असं मनात आलं होतं, पण ते मांजरांना विषारी असतं. मनी त्यावरून चालली असती आणि पाय चाटत बसली असती, म्हणून बाटली परत ठेवली.

आता या वाटेविषयी सांगते. आमचं घर अर्धं माळवदाचं, अर्धं पत्र्याचं. माळवदाच्या खोलीत पूर्वी धान्याच्या कणग्या असत. उंदरांवर इलाज म्हणून सासऱ्यांच्या वडलांनी परसदाराच्या खालच्या फळीला सुताराकडून वीतभर चौकोनी भोक पाडून घेतलं होतं. दार लावलेलं असलं तरी मांजर आत-बाहेर करू शके. अशी सोय जगभर होती. इंग्लंडमध्ये एक्सिटरच्या कॅथेड्रलमध्ये जुन्या घड्याळाखालच्या दाराला असंच भोक आहे, फक्त गोल. ते पाडायला 1598 साली बिशपनं सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. कारणही आमच्यासारखंच होतं, उंदीर.

थंडीत भोकातून वारा येतो म्हणून आम्ही त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरच्या बाजूनं खिळ्यांनी ठोकला होता. मनी डोक्यानं ढकलून आत यायची. पण ट्यूबला आपलं-परकं कळत नाही. एकानं ढकललं की उघडतं, तसंच दुसऱ्यानं ढकललं तरी उघडतं.

पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामी, आता चिपची दारं मिळतात." मांजराच्या मानेपाशी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यात पंधरा अंकी नंबर असतो. दार तो नंबर वाचतं आणि आपल्याच मांजराला उघडतं. साध्या दारांनाही चार तऱ्हांची कडी असते, नुसतं आत येऊ देणारी, नुसतं बाहेर जाऊ देणारी, दोन्हीकडून मोकळी आणि पुरती बंद. चांगली युक्ती आहे. आमच्याकडे कडी म्हणून पाट्याचा वरवंटा होता. मनी रात्री आत आली की मी तो भोकाला आतून आडवा लावायची. त्या दहा रात्री एकदाही चुकले नव्हते.

शुक्रवार, रात्रीचे 11
30 तास आधी

ट्यूब हलली. वरवंट्यावर नखं घासल्याचा आवाज आला. बाहेर बांधलेलं आमचं कुत्रं भुंकलं आणि आवाज थांबला.

कुत्रं परसात का बांधलेलं होतं, ते सांगायला हवं. त्या महिन्यात सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी लवूळचं नाव होतं. माजलगाव तालुक्यातल्या या गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छतावर नेत होती, तिथून पडून पिल्लं मरत होती. किती मेली याचा आकडा बातमीगणिक वाढत होता. लवूळ आमच्यापासून फार लांब नाही आणि आमच्या शिवारातही वानरं नेहमीचीच. म्हणून सहा महिन्यांचं आमचं कुत्रं आम्ही रात्री मोकळं सोडत नव्हतो, परसदाराशी गोठ्याच्या खुंटीला बांधत होतो. माळवदाच्या सवण्यावरही लोखंडी जाळी टाकली होती, वरून वानर उतरू नये म्हणून.

सगळं लक्ष वर होतं. मनीच्या पिल्लांची राखण दाराशी बांधलेलं ते कुत्रं करत होतं, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

शनिवार, 18 डिसेंबर, सकाळचे 9
20 तास आधी

दोन पिल्लांचे डोळे किलकिले उघडलेले दिसले. दहा दिवसांची झाली होती. मांजराच्या पिल्लांचे डोळे एक ते दोन आठवड्यांत उघडतात, आणि आधी सगळी निळसरच दिसतात. एक पांढरं, दोन करडी, एक आईसारखं तिरंगी. वाकळेच्या तुकड्यात एकमेकांच्या मानेखाली डोकी खुपसून झोपायची. बोट लावलं की न जागता तोंड उघडायची. आत्याबाईंना मांजरांचा फारसा लळा नाही, पण त्या दिवशी त्या कामातून तीनदा उठून कणगीमागं डोकावल्या.

मनी मात्र अस्वस्थ होती. पिल्लांपाशी बसायची, उठायची, परसदारापाशी जाऊन फळी हुंगायची. घासून काढला तरी तो वास तिला येत असणार.

शनिवार, संध्याकाळचे 6
11 तास आधी

दत्तजयंती. देवळात पाळणा झाला, सुंठवडा वाटला. तिथंच फोन खणखणले. लवूळची दोन वानरं नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकानं पकडली होती. बायका हात जोडून दत्ताच्या पाया पडल्या. आत्याबाई म्हणाल्या, "सुटलं बाई सगळं."

घरी येताना पलीकडच्या ओट्यावर भुऱ्या बसलेला दिसला. कुलपाखाली, दाराला पाठ लावून. बरगड्या दिसत होत्या. माझ्या हातात सुंठवडा होता, पदरात नारळाचा तुकडा होता. मी थांबले नाही.

शनिवार, रात्रीचे साडेनऊ
साडेसात तास आधी

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री होती. ज्वारीला पाणी द्यायचं होतं. हे बॅटरी घेऊन निघाले आणि खुंटीचं कुत्रं सोडून सोबत घेतलं. "आता कशाची भीती? शेतात सोबत व्हईल मला." मीही म्हटलं, न्या. तीन आठवडे बांधलेलं जनावर उड्या मारत पुढं पळालं.

मनी आत आली. वरवंटा लावला. सवण्यावरची जाळी आत्याबाईंनी दुपारीच काढायला लावली होती, धूर कोंडतो म्हणून. पौर्णिमा लागली होती. सवण्यातून चांदण्याचा गोल तुकडा खाली शेणानं सारवलेल्या भुईवर पडला होता.

रविवार, 19 डिसेंबर, मध्यरात्रीनंतर सव्वा
पावणेचार तास आधी

नखांच्या आवाजानं जागी झाले. आवाज आतून होता. मनी वरवंट्याला पुढचे दोन्ही पाय लावून ओरबाडत होती. मी उठले, जवळ गेले आणि चांदण्यात दिसलं, तिच्या तोंडात पांढरं पिल्लू होतं, मानेला धरलेलं, पाय पोटाशी घेतलेले.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मीही तेवढंच मनात आणलं. ते तशी फिरतात कशासाठी, याचा विचार त्या घटकेला केला नाही. जागा धोक्याची वाटली की आई पिल्लं हलवते. सकाळपासून फळी हुंगणारी मनी मला तेच सांगत होती.

वरवंटा बाजूला केला. ती ट्यूब ढकलून बाहेर गेली. उरलेली तीन न्यायला तिला परत यायचं होतं, म्हणून मी वरवंटा परत लावला नाही. लावला असता तर ती बाहेर आणि पिल्लं आत राहिली असती. मी तिथं दाराशी बसून राहायला हवं होतं, एवढंच मला आज दिसतं. एखादा तास. थंडी होती, दिवसभराचा उपास होता, मी वाकळ ओढून पडले.

रविवार, रात्रीचे 3
2 तास आधी

झोपेत मांजरांची भांडणं ऐकू आली. आधी लांबवर ताणलेला सूर, मग फिस्कारणं, मग गोठ्याच्या पत्र्यावर धडधड. आमच्याकडे थंडीत असे आवाज रोजच असतात. कुत्रं असतं तर भुंकलं असतं. मी कूस बदलली.

ती मनी होती, हे आता कळतं. तो तिला घराकडे येऊ देत नव्हता.

रविवार, पहाटेचे 5

आत्याबाई पाणी तापवायला उठल्या. त्यांची हाक आली, "अगं, दिवा लाव आधी."

कणगीमागची वाकळ फरफटत पुढं आली होती. दोन करडी पिल्लं तिथंच होती, मानेला दात लागलेले. तिरंगी पिल्लू दाराजवळ होतं. त्याचा एक डोळा आदल्या दिवशी उघडला होता, तो उघडाच राहिला होता. खाल्लेलं काहीच नव्हतं. ट्यूबच्या कडेला भुरे केस चिकटले होते.

"कामून उघडं ठेवलंस गं?" आत्याबाईंनी एकदाच विचारलं. पुन्हा कधीच नाही.

शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, असं म्हणतो आपण. त्या म्हणीत बोका दुधासाठी येतो. आपल्या बायकांनी दूध वाचवायला शिंकं केलं, जाळीचं कपाट केलं, उतरंडीवर उतरंड रचली. भुऱ्या दुधासाठी आला नव्हता आणि भुकेसाठीही नाही. चुलीपाशी झाकलेली भाकर त्यानं हुंगलीही नव्हती. खच्ची न केलेले बोके दुसऱ्याची पिल्लं मारतात, सिंहही मारतात. पिल्लं गेली की आईचं दूध आटतं आणि ती लवकर पुन्हा माजावर येते. बोक्याचा तेवढाच डाव असतो, त्यात वैर नसतं. हे मला पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. पिल्लं लहान असेतो आईला त्यांच्यासकट भोक नसलेल्या खोलीत ठेवायचं, खाणं-पाणी आणि मातीचं टोपलं आतच द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे तशी खोली होती. पत्र्याची, कांदे ठेवायची.

रविवार, सकाळचे साडेसात

हे शेतातून आले. परसातल्या लिंबाखाली खड्डा केला. मग हातोडा आणि फळी घेऊन भोकाशी बसले. पहिला खिळा ठोकणार एवढ्यात मनी आली. कानाला जखम होती. ट्यूब ढकलून आत गेली, कणगीमागं गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. घशातून तो बारीक घुर्र आवाज काढत होती, पिल्लांना बोलवायचा. हे फळी मांडीवर घेऊन तसेच बसले. दुपारपर्यंत ती असं किती वेळा आत-बाहेर झाली, ते मोजलं नाही.

पांढरं पिल्लू सोमवारी सापडलं. कडब्याच्या गंजीत, खालच्या पेंढ्यांमध्ये खोल पोकळी होती, तिथं. पोट भरलेलं, झोपलेलं. सव्वा वाजता मनीनं नेलेलं तेवढं एकच.

रविवार, संध्याकाळचे सात

कारखान्यावरून फोन आला. पोरीच्या आईनं आधी घराच्या कुलपाचं विचारलं, मग माळवदाचं. मग फोन पोरीकडे गेला. मागं कोपीतली भांडी वाजत होती, कुणीतरी टायरगाडीच्या बैलांना ओरडत होतं.

"काकू, भुऱ्या काय करतोय?"

मी परसात उभी होते. तिथून पलीकडचा ओटा दिसतो.

"तुमच्या दारात बसलाय," मी म्हटलं.

"भाकर खाल्ली का त्यानं?"

मी तव्यावर आणखी एक भाकर टाकली. कुस्करली, त्यात थोडं दूध घातलं, आणि या वेळी ती वीस पावलं चालत जाऊन त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. मी उभी होते तोवर तो जवळ आला नाही. आमच्या परसदारापाशी परत पोचले तेव्हा मागून ताटली घासल्याचा आवाज आला.