मलमल, गॅसबत्ती आणि टुटू

इंग्रजीत तलम सुती कापडाला 'मस्लिन' म्हणतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे हा शब्द 'मुस्लिम'वरून आला का, असा प्रश्न मला वर्गात हमखास विचारला जातो. तसा काही संबंध नाही. इराकमधल्या मोसुल शहराच्या नावावरून तो युरोपच्या भाषांत गेला. आपण अशा कापडाला मलमल म्हणतो. एके काळी ढाक्याच्या मलमलीचं नाव जगभर होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गिरण्यांनी यंत्रावर तलम कापड विणायला सुरुवात केली आणि ते स्वस्त झालं. हे हलकं, पांढरं, जाळीदार कापड थरावर थर लावून नर्तकींच्या अंगावर चढलं, आणि त्यातूनच बॅलेचा तो प्रसिद्ध फुललेला झगा तयार झाला. त्याला टुटू म्हणतात. टुटू हे सौंदर्याचं चिन्ह मानलं जातं. पण या झग्यापायी काही मुलींचे जीव गेले आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही.

अठराव्या शतकात पॅरिसच्या नर्तकी दरबारी बायकांसारखेच जड, जमिनीपर्यंत पोचणारे पोशाख घालून नाचत. पाय दिसतच नसत. मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने आपलं पदलालित्य लोकांना दिसावं म्हणून झगा घोट्याच्या वर घेतला. त्यावर बरीच कुजबुज झाली. बाईच्या कपड्याची लांबी मोजणारे लोक सगळ्या देशांत आणि सगळ्या काळांत असतात.

पुढचा बदल उजेडामुळे झाला. १८२२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात गॅसचे दिवे आले. पहिल्यांदा ते लागले तो प्रयोग 'अल्लादीन आणि जादूचा दिवा' या गोष्टीवरचा होता. गॅसचा उजेड कमी-जास्त करता येई. त्यामुळे रंगमंचावर चांदणं, धुकं, भुताखेतांचं रान उभं करणं शक्य झालं. अशा उजेडात पांढरं पातळ कापड तरंगल्यासारखं दिसतं.

१२ मार्च १८३२ रोजी याच ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले झाला. लग्न ठरलेला एक स्कॉटिश तरुण वाऱ्यासारख्या हलक्या परीच्या मागे वेडा होतो, अशी त्याची कथा. परी झाली होती मारी ताल्योनी, आणि बॅले तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताल्योनी यांनी बसवला होता. पायाच्या बोटांच्या टोकावर ती अशी नाचली की तिला वजनच नाही असं वाटावं. घट्ट चोळी, उघडे खांदे आणि पोटरीपर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा झगा असा तिचा वेश होता. तो ओझेन लामी या चित्रकाराने योजला होता, असं मानतात. नऊ वर्षांनी, १८४१ मध्ये, 'जिझेल' आला. त्यात लग्नाआधीच मेलेल्या मुलींचे आत्मे रात्री नाचतात, तेही पांढऱ्या झग्यांत. तोपर्यंत हा झगा बॅलेचा गणवेशच झाला होता.

आता हे कापड आणि हा उजेड एकत्र ठेवून पाहा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणि विंगांमध्ये गॅसच्या उघड्या ज्योती. त्यांच्यापासून हातभर अंतरावर सुती जाळीचे थरावर थर. विण विरळ, म्हणून धाग्याधाग्यात हवा, आणि थरांच्या मध्येही हवा. त्यात गिरकी घेतली की झगा चारी बाजूंनी फुलतो. चुलीत वाळलेलं गवत टाकावं तसंच हे. एक ठिणगी लागली की काही क्षणांत सगळा झगा पेटे.

डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी अशीच जळाली. बॅलेचं नाव होतं 'जनानखान्यातलं बंड'. युरोपला आपल्या जनानखान्यांचं भारी आकर्षण. तिथल्या स्नानाच्या देखाव्यात क्लाराचा झगा दिव्याला लागला. प्रेक्षकांसमोर ती पेटली आणि तीन दिवसांनी वारली. १८६१ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहात, कपडे बदलण्याच्या खोलीत एकीचा झगा पेटला. तिला वाचवायला धावलेल्या मुलींनाही आग लागली. त्या रात्रीच्या आगीत किमान सहा नर्तकी गेल्या, त्यांत गेल आडनावाच्या सख्ख्या बहिणी होत्या.

धोका कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. उपायही होता. कार्तेरों नावाच्या फ्रेंच माणसाने कापड चटकन पेटू नये म्हणून एक रासायनिक द्रावण तयार केलं होतं. नोव्हेंबर १८५९ मध्ये फ्रान्समध्ये बादशाही फर्मान निघालं की रंगमंचावरचे पडदे आणि पोशाख या द्रावणातून काढलेच पाहिजेत. पण त्यातून काढलेलं कापड ताठ आणि मळकट दिसे. परीचा झगा तरंगेनासा झाला. नर्तकी नाराज झाल्या.

त्यांच्यात एमा लिव्री होती. सोळाव्या वर्षी, १८५८ मध्ये, तिने 'ला सिल्फीद'मधूनच ऑपेरात पाऊल टाकलं. खुद्द ताल्योनीने तिला शिष्या केलं आणि १८६० मध्ये तिच्यासाठी 'फुलपाखरू' हा बॅले बसवला. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीवर जळतात. त्याच वर्षी एमाने लेखी कळवलं होतं की आपण आपल्या नेहमीच्या झग्यातच नाचणार आणि काही झालं तर जबाबदारी आपली.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत तिचा झगा गॅसच्या ज्योतीला लागला. ती पेटत्या कपड्यांनिशी रंगमंचावर धावली. एका अग्निशामकाने तिला धरून आग विझवली. आठ महिने ती भाजलेल्या अंगाने तळमळत होती. २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. वय वीस. असं सांगतात की अंथरुणावरही ती म्हणे, ते सुरक्षित झगे कुरूप आहेत, मी पुन्हा नाचले तरी ते घालणार नाही. जळक्या पोशाखाचे उरलेले तुकडे आजही पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात आहेत.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, हट्टी मुलगी, ऐकलं नाही. मला हा न्याय फार सोपा वाटतो. एमाला हट्ट कुणी शिकवला? जी तरंगते तीच नर्तकी, असं तीस वर्षं प्रेक्षकांनी आणि वर्तमानपत्रांनी ठरवून दिलं होतं. ऑपेरात वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना नर्तकींच्या दालनात मुक्त प्रवेश असे. मागच्या रांगेत नाचणाऱ्या बहुतेक मुली गरिबांच्या. एदगार दगा याने ज्या चौदा वर्षांच्या नर्तकीचा पुतळा खऱ्या कापडाचा झगा घालून १८८१ मध्ये मांडला, त्या मुलीची आई धोबीण होती. अशा मुलीला मळकट झगा परवडणार होता का? फर्मान काढणाऱ्यांनी कापड बदलायला सांगितलं. दिव्यांभोवती जाळ्या बसवा, ज्योत दूर न्या, असा आग्रह तितक्या जोराने कुणी धरला नाही. एका मुलीने कागदावर जबाबदारी घेतली आणि मोठ्यांनी ती घेऊ दिली.

शेवटी झग्यांची सुटका विजेने केली. १८८१ मध्ये लंडनचं सेव्हॉय नाट्यगृह पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलं. हळूहळू इतर नाट्यगृहांतूनही उघड्या ज्योती गेल्या. याच सुमारास झगाही आखूड झाला. इटलीच्या नर्तकींना अवघड गिरक्या दाखवायच्या होत्या. व्हर्जिनिया झुक्कीने १८८५ मध्ये रशियात तिथल्या रिवाजापेक्षा आखूड झगा घालायचा आग्रह धरला. पुढे तो कमरेभोवती आडवा पसरला. 'टुटू' हा शब्दही तेव्हाचाच. तो लहान मुलांच्या भाषेतल्या ढुंगणाच्या फ्रेंच शब्दावरून आला असावा, असं मानतात.

बाईच्या कपड्याविषयी बोलताना आपली सगळी चर्चा तो किती लांब, किती आखूड, किती झाकतो यावरच अडकते. क्लारा आणि एमाच्या झग्यांची लांबी आक्षेपार्ह नव्हती. त्यांच्या काळाने ते झगे डोक्यावर घेतले होते. कपडा कुणाच्या डोळ्यांसाठी शिवला आणि त्याची झळ कुणाला लागणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं. हा प्रश्न लांब कपड्यालाही विचारता येतो आणि आखूड कपड्यालाही. आणि तो जिच्या अंगावर कपडा आहे, तिच्याशी बोलूनच विचारावा लागतो.