शेवटची भाकर कुत्र्याची

स्मरणिका समितीने माझ्याकडे सोसायटीच्या इतिहासावर लेख मागितला होता. पण तो इतिहास सचिवांच्या अहवालात आलाच आहे. भूखंड कधी घेतला, बोअरला पाणी कितव्या खेपेला लागले, रस्त्यासाठी किती अर्ज केले, हे सगळे तिथे आहे. मी जन्मभर बँकेत ताळेबंद तपासले, त्यामुळे राहून गेलेली बाजू चटकन डोळ्यात भरते. आपल्या अठ्ठावीस घरांत पंचवीस वर्षे माणसांबरोबर कुत्री राहिली, पाखरे राहिली. सभेच्या इतिवृत्तात त्यांची नावे आहेत, पण फक्त तक्रारीत! म्हणून हा लेख त्यांच्यावर.

माझा जन्म 1951 चा, इथलाच. तेव्हा आपले गाव अंबड तालुक्यात आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला. आमचे माळवदाचे घर, पुढे ढाळज. आजी चुलीपुढे बसली की पहिली भाकर गाईची आणि शेवटची कुत्र्याची. शेवटची भाकर जरा लहानच असे, परात खरवडून केलेली. मोत्या ती ढाळजेच्या पायरीवर घ्यायचा आणि वेशीकडे निघून जायचा. उंबऱ्याच्या आत त्याने कधी पाऊल टाकले नाही, आणि टाकले असते तर आजीने लाकूड फेकून मारले असते. खंडोबापाशी कुत्रा, दत्ताभोवती चार कुत्री, श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा, एवढा मान. पण जागा पायरीवर. आम्ही मोत्याला पाळले होते असे म्हणता येणार नाही, तो आमच्या दारात राहत होता एवढेच. जखम झाली तर हळद-तेल, गोचीड झाले तर रॉकेलचा बोळा. (रॉकेल आज कोणी लावू नये. कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो.) जनावरांचा डॉक्टर बैलासाठी असतो, कुत्र्यासाठी कोणी त्याच्याकडे जाते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

राजेरजवाड्यांकडे मात्र कुत्र्यांचा थाट वेगळा. निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला, त्यात हे सापडत गेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ असा कुत्र्यांच्या शिकारीचा स्वतंत्र भाग आहे. त्याच्याही आधीची गोष्ट कर्नाटकातल्या आतकूरच्या शिलालेखात आहे. काळ इ.स. 949-50, राजा राष्ट्रकूट तिसरा कृष्ण, म्हणजे ज्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे खोदवले ते घराणे. लढाईत पराक्रम केलेल्या एका वीराला ‘काय हवे ते माग’ म्हटल्यावर त्याने जमीन किंवा सोने मागितले नाही, काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्या कुत्र्यासाठी दगड उभारला आणि देवळाला जमीन दिली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. आमच्या मोत्याला असला दगड कुठून मिळणार, पण त्याची भाकर रोजची होती.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला.

1961 च्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाला पोटरीला कुत्रा चावला. बाहेरगावचे कुत्रे होते, चावून पुढे निघून गेले. घरच्यांनी जखमेत तिखट भरले, मंत्र घातला, विहिरीत डोकावायला लावले. आठ दिवसांत जखम बरी झाली. आम्ही पुन्हा सूरपारंब्या खेळू लागलो. दीड महिन्याने त्याला ताप आला, आणि पाण्याचा तांब्या समोर धरला की तो ओरडू लागला. तिसऱ्या दिवशी गेला. मला त्याच्या घरी जाऊ दिले नाही, पण ओरडणे दोन आळ्या ओलांडून ऐकू येत होते. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते मला ऐकू येते.

लस तेव्हा नव्हती का? होती. फ्रान्समध्ये पाश्चरने 6 जुलै 1885 ला पहिल्या मुलाला ती टोचायला सुरुवात केली होती. आपल्याकडे कसौलीला 1900 मध्ये पाश्चर संस्था निघाली आणि तिथेच डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात चौदा इंजेक्शने ती हीच. रोज एक, तीही मोठ्या गावाला जाऊन. मजुरी बुडवून, पोराला कडेवर घेऊन चौदा दिवस कोण जाणार? लोकांना कुत्र्यापेक्षा त्या सुयांचीच धास्ती. ती जुनी लस आपल्या देशात 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, आणि जखम मोठी असेल तर जखमेतच वेगळे औषध देतात. एवढा फरक पडला आहे, तरी हळद-चुना लावून बसणारी माणसे मी अजून पाहतो.

पोपटाचे खाते माझ्या नावावर आहे, आणि ते बुडीत आहे. 1966 मध्ये गोदाकाठच्या एका वडाच्या ढोलीतून मी पिल्लू काढले. अंगावर पिसे नव्हती, डोळे जेमतेम उघडलेले. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून बोटाने भरवली आणि ते जगले, हे नशीबच. भाकरी दुधात कुस्करूनही द्यायचो. पाखरांना दूध पचत नाही हे कोणाला माहीत! मिरची मात्र आनंदाने खायचा. पाखरांना तिखट लागतच नाही, हे पुढे कळले. मिठू ‘विठ्ठल’ म्हणायचा, माझ्या खांद्यावर बसून शाळेच्या वाटेपर्यंत यायचा. सगळे म्हणायचे, काय जीव लावलाय! मी दर दोन-तीन महिन्यांनी कात्रीने त्याचे पंख कापत होतो. जाणार कुठे तो?

1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. रेशनवर लाल मिलो मिळे, खडी फोडायच्या कामावर सुकडी. एके दिवशी आजीने शेवटची भाकर बंद केली. सांगितले कोणाला नाही, फक्त दाराकडे पाठ करून बसली. मोत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, आता त्याच्या जागी एक तांबडी कुत्री होती. चार-पाच रात्री ती पायरीवर येऊन बसली. मग कामावर निघालेल्या लोकांच्या मागे गेली ती परत आली नाही. मिठूला मूठभर दाणे पुरत, तो तरला. मी बँकेत लागलो आणि बदलीच्या गावी गेलो. 1979 मध्ये आईचे पत्र आले. पिंजरा धुवायला तिने त्याला अंगणात सोडले होते, मांजर आले. उडायला पंख असते तर भिंतीवर जाऊन बसला असता. आईने पत्रात मला दोष दिला नव्हता.

देशी पोपट पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि देशी पाखरांच्या विक्रीवर 1990-91 पासून पूर्ण बंदी आहे. आपल्या ‘क’ रांगेतल्या एका घरचा पोपट काही वर्षांपूर्वी वनखात्याकडे दिला, तेव्हा घरातल्या मुलीने दोन दिवस अन्न घेतले नव्हते. तिला एक सांगायचे राहिले होते ते इथे सांगतो. हाताने वाढवलेला पोपट नुसता हवेत सोडून दिला तर तो स्वातंत्र्य भोगत नाही, उपाशी मरतो. त्याला दाणा शोधायचे शिकवणारे कोणी नव्हते. म्हणून खात्याकडे देणेच बरोबर होते.

आता घरोघरी जे ‘लव्हबर्ड’ म्हणून आहेत ते बहुतेक ऑस्ट्रेलियाचे बजरीगर. त्यांना ही बंदी नाही, पण जीव तोच. माझी सौ. गेली आठ वर्षे त्यांची पिल्ले वाढवते. पिल्लाचे पातळ खाणे मनगटावर थेंब टाकून बघायचे. गार असेल तर पोटात साचते, कडक असेल तर गळ्याची पिशवी आतून भाजते. पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पाखरू ठेवू नये, मेथी, कोथिंबीर, गाजर द्यावे. पाखरू मोकळे असताना पंखा बंद हवा. आणि नॉनस्टिकचा तवा करपला तर त्याच्या धुराने पाखरू मिनिटांत मरते. हे आपल्या पोळ्या लाटणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

कुत्र्यांचा आपल्याकडचा इतिहास भांडणाचा आहे. 2016 च्या सभेत ‘कुत्री बंद’ असा ठराव आला. बाजूने हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. माझ्या कानात 1961 होते, पण ते मी कोणाला सांगितले नाही, जिन्यातली घाण वगैरे कारणे सांगितली. शेवटी एका सभासदाने प्राणी कल्याण मंडळाचे फेब्रुवारी 2015 चे पत्रक वाचून दाखवले. बहुमत असले तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. ठराव पडला आणि मी त्या सभासदाशी वर्षभर बोललो नाही. हे त्यांना आज छापील सांगतो: चूक माझी होती.

2019 मध्ये गेटवरच्या कुत्र्याने वॉचमनच्या मुलाला हाताला चावले. मी जागेवरून हललो नाही, पाय उचलेचनात. सौ.ने पोराला नळाखाली धरले आणि साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे हात धुतला. तो रडत होता, ती त्याला पाढे म्हणायला लावत होती. मग ग्रामीण रुग्णालय, दंडात सुई, दिलेल्या तारखांना पुन्हा. ‘बोलत नसलेले’ सभासद गाडी काढून हजर होते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली, ते ठणठणीत राहिले. पोरगा यंदा दहावीला आहे.

त्या आठवड्यात मी एक रजिस्टर आखले, बँकेतल्यासारखे, लाल शाईच्या रकान्यांचे. घरातली सहा आणि गेटवरची तीन कुत्री. पिल्लांची जंतांची औषधे, तिसऱ्या महिन्यातली रेबीजची लस, मग दरवर्षीची, नसबंदी, गोचीड. खाली एक सूचनाही लिहिली आहे: कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. वैशाखात दुपारी सिमेंटवर फिरवू नये, आधी आपला तळहात टेकवून बघावा. आता सौ. रात्री शेवटची पोळी करते ती जरा लहान असते. ती मी गेटवर नेऊन ठेवतो आणि तीन जणांपैकी कोण आले नाही ते बघतो. पुढची लस 14 तारखेला आहे. ‘ब’ रांगेतल्या दोन घरांची सही अजून व्हायची आहे, कृपया रजिस्टर माझ्याकडे येऊन पाहावे.