रुमालाखालची बोटं

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजोबांनी जपलेल्या कापसाच्या हिशेबपट्ट्या. वर भाव, खाली कपातीची उतरंड: आडत, हमाली, तोलाई, वजनातला कडता, धर्मादाय, भाकड गुरांची पांजरपोळ. शाळेत असताना मी विचारलं होतं, "आबा, ही पांजरपोळ कुठं आहे?" ते म्हणाले, "म्या कुठं पाह्यली बाप्पा! पैसे मातर दरसाल देल्ले."

भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटं दाबायचे. बंडीवर बसलेल्या मालकाला शेवटचा आकडा तेवढा कळायचा.

हे थांबवणारे कायदे देशात सर्वांत आधी आमच्या वऱ्हाडात आले, याचा मला अभिमान होता. पुढे ते वाचले, तेव्हा अभिमानाला तडा गेला. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोचली; तिचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढा इतमाम कुणाच्या सोयीसाठी, हे वेगळं सांगायला नको. 1886 मध्ये वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या आदेशानं कारंज्याचा कापूस बाजार नियमनाखाली आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला.

कायदा वाईट नव्हता. बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाना लागू लागला, वजनं तपासली जाऊ लागली. पण गिरणीला हवा होता एका जागी, ठरल्या मापाचा माल; कायद्यानं आधी ती गरज भागवली. बाजार समितीवर वर्चस्व व्यापाऱ्यांचं. ज्याच्या बंडीतून कापूस यायचा त्याला तिथं बसायला पाट नव्हता. ही चूक मला लहान वाटत नाही. ज्याच्या पट्टीतून पांजरपोळीचे पैसे कापायचे, त्यालाच विचारायचं नाही!

शेतकऱ्याच्या प्रतिनिधित्वाचा विचार मुंबई इलाख्याच्या 1927 च्या कापूस बाजार कायद्यात आला. पुढच्याच वर्षी शेतीविषयक रॉयल कमिशननं वऱ्हाडी पद्धतीची दखल घेतली आणि असे नियंत्रित बाजार इतरत्रही हवेत, अशी शिफारस केली. मग 1932 आणि 1935 मध्ये मध्य प्रांताचे कायदे झाले. सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच कायदा व्हायला 1963 उजाडलं.

आबांना यातलं एकही साल ठाऊक नव्हतं. पण प्रत्येक पट्टीच्या पाठीवर त्यांनी घरी केलेलं वजन पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. पुढच्या बाजूला बाजाराचं वजन, शाईत. पेटीतल्या एकाही पट्टीवर ते दोन आकडे जुळत नाहीत.